झाकलेल्या मिठाच्या पूलसाठी टेलर के-२००६ किट: घ्यावं का, आणि कसं वापरावं

पूलवर कव्हर पडलं की क्लोरिनचा हिशेब उलटा होतो. उघड्या पूलमध्ये काळजी असते ती क्लोरिन कमी पडण्याची. झाकलेल्या मिठाच्या पूलमध्ये ते साचत जातं, कारण क्लोरिन खाणारं ऊन पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पाण्यात विरघळलेल्या मिठापासून विजेने क्लोरिन बनवणारा क्लोरिनेटर मात्र टायमरप्रमाणे चालूच राहतो. त्यात भर म्हणजे क्लोरिन फार वाढलं की नेहमीच्या दोन तपासण्या नेमक्या तेव्हाच फसवतात. एक सांगते क्लोरिन संपलंय, दुसरी सांगते पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) चढलाय. दोन्हींवर विश्वास ठेवून माणूस क्लोरिनेटर वाढवतो आणि वर ॲसिडही ओततो. टेलर कंपनीचं के-२००६ हे थेंब मोजून तपासायचं किट या सापळ्यातून बाहेर काढतं. आमच्या मते झाकलेल्या पूलसाठी ते घ्यायलाच हवं. त्याच्या उणिवाही आहेत, त्या पुढे येतीलच.

इथले सगळे आकडे साडेसात मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल, म्हणजे सुमारे ५० हजार लिटरच्या पूलसाठी आहेत. लोणावळा, कर्जत, अलिबाग, गोवा इथल्या बंगल्यांत साधारण या मापाचे पूल असतात. कव्हर म्हणजे पाण्यावर पसरणारं स्लॅटचं किंवा बबल शीटचं. तुमचा पूल २५ हजार लिटरचा असेल तर सगळी मात्रा निम्मी करा.

कोणतं किट मागवायचं

इथे बरेच जण चुकतात. के-२००५ आणि के-२००६ ही दोन्ही किटं सारख्याच निळ्या पेटीत येतात, बाटल्याही जवळपास त्याच. फरक फक्त क्लोरिन मोजण्याच्या पद्धतीत आहे. के-२००५ मध्ये पाणी गुलाबी होतं आणि तो गुलाबी रंग पट्टीशी जुळवायचा असतो. के-२००६ मध्ये पावडर टाकून पाणी गुलाबी करायचं आणि मग रंग पूर्ण जाईपर्यंत थेंब मोजायचे. रंगाची छटा ओळखायची नाही, फक्त रंग आहे की गेला एवढंच बघायचं. झाकलेल्या पूलसाठी के-२००६ च हवं. नावात शेवटी ‘सी’ असेल तर बाटल्या मोठ्या, आणि ‘सॉल्ट’ असेल तर मिठाची तपासणी सोबत. मिठाच्या पूलसाठी सॉल्टवालं घ्या, नाहीतर के-१७६६ ही मिठाची वेगळी तपासणी जोडीला मागवा. माल आयात होतो, त्यामुळे आपल्याकडच्या पिवळ्या थेंबांच्या किटच्या कित्येक पट किंमत पडते. विक्रेत्याकडून बाटलीवरच्या लॉट नंबरचा फोटो आधी मागून घ्या. वर्षभर दुकानात पडलेली रसायनं पूर्ण पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही.

पिवळ्या थेंबांचं किट म्हणजे ऑर्थोटॉलिडीनचं. ते एकूण क्लोरिन दाखवतं. त्यातलं कामाचं किती आणि घामाशी, लघवीशी बांधलं जाऊन निकामी झालेलं किती, हे त्यातून कळत नाही. उघड्या पूलमध्ये सूर्यप्रकाश हे बांधलेलं क्लोरिन बऱ्यापैकी तोडतो, त्यामुळे तिथे हे किट एकवेळ चालून जातं. कव्हरखाली ऊनही नाही आणि वारंही नाही, त्यामुळे बांधलेलं क्लोरिन साचून राहतं. डोळे चुरचुरणं आणि ‘क्लोरिनचा वास’ येणं हे त्याचंच काम. वास आला म्हणून क्लोरिन कमी करणारे खूप भेटतात, आणि त्याने दुखणं वाढतं.

क्लोरिन: थेंबांची गोष्ट

पाणी स्किमरपाशी (जिथून पंप वरचं पाणी ओढतो) किंवा जिथून पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडापाशी घेऊ नका. कव्हर हातभर सरकवा, पंप निदान अर्धा तास चाललेला असू द्या, आणि कोपरापर्यंत हात बुडवून खालचं पाणी घ्या. कव्हरच्या लगतचं पाणी जास्त गरम असतं आणि नीट मिसळलेलं नसतं.

मोजनळीत १० मिली पाणी घ्या, पावडरचे दोन सपाट चमचे टाका, हलवा. क्लोरिन असेल तर पाणी गर्द गुलाबी होतं. आता आर-०८७१ चा एकेक थेंब टाकून हलवत राहा. गुलाबी जाऊन पाणी काचेसारखं झालं की थांबा. थेंबांना अर्ध्याने गुणलं की मुक्त, म्हणजे कामाचं क्लोरिन पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मिळतं. आठ थेंब म्हणजे ४. मग त्याच नळीत आर-०००३ चे पाच थेंब टाका. पाणी परत गुलाबी झालं तर बांधलेलं क्लोरिन आहे. तेही आर-०८७१ नेच मोजा. हा दुसरा आकडा बारकाईने हवा असेल तर सुरुवातीलाच २५ मिली पाणी घ्या, मग प्रत्येक थेंब ०.२ चा होतो. बांधलेलं क्लोरिन ०.५ च्या वर गेलं की कव्हर उघडून शॉक (एकदम भरपूर क्लोरिन) द्यायची वेळ झाली असं समजा.

या पद्धतीचं खरं मोल क्लोरिन वाढल्यावर कळतं. साधारण १० पीपीएमच्या पुढे रंगपट्टीच्या तपासणीत क्लोरिनच तो गुलाबी रंग खाऊन टाकतं. पाणी क्षणभर गुलाबी होऊन पांढरं पडतं, किंवा गुलाबी होतच नाही. बघणाऱ्याला वाटतं क्लोरिन शून्य. के-२००६ मध्येही पावडर टाकल्यावर रंग चमकून गेला तर घाबरायचं कारण नाही. आणखी एक चमचा पावडर टाका, लागलाच तर अजून एक. रंग टिकला की मोजायला लागा. २० पीपीएम असलं तरी आकडा मिळतो, फक्त ४० थेंब मोजावे लागतात.

आता हे क्लोरिन साचतं कसं ते बघू. ताशी १५ ग्रॅम क्लोरिन बनवणारा सेल (क्लोरिनेटरचा पत्रे असलेला भाग) ५० हजार लिटरमध्ये तासाला ०.३ पीपीएम भर घालतो. आठ तासांत २.४. उन्हातल्या पूलला रोज साधारण २ ते ४ पीपीएम लागतं, म्हणजे हिशेब जुळतो. कव्हर घातलेल्या आणि दोन-चार माणसंच पोहणाऱ्या पूलला अर्धा ते एक पीपीएम पुरतं. सेटिंग तेच ठेवलं तर रोज दीड पीपीएम शिल्लक पडतं आणि आठवड्यात क्लोरिन १० च्या वर जातं. त्याचा मार कव्हरच्या खालच्या बाजूला, दोऱ्यांना, शिडीच्या स्टीलला आणि पोहणाऱ्यांच्या कपड्यांना बसतो. बबल शीट तर काही महिन्यांत ठिसूळ होऊन तिचे फुगे पाण्यात सुटायला लागतात.

उपाय सोपा आहे. क्लोरिनेटर २५ ते ३० टक्क्यांवर आणा. तीन दिवस रोज एकाच वेळी मुक्त क्लोरिन मोजा. चढत असेल तर ५ टक्के कमी करा, उतरत असेल तर ५ टक्के वाढवा. काही क्लोरिनेटरमध्ये कव्हरच्या मोटरला जोडायची दोन तारांची सोय असते. कव्हर मिटलं की उत्पादन आपोआप खाली येतं. ही सोय असूनही जोडणी न केलेले पूल खूप दिसतात. पंप रूममध्ये क्लोरिनेटरच्या खाली दोन मोकळ्या तारा लोंबत असतील तर इलेक्ट्रिशियनला आधी त्याच दाखवा.

पीएच आणि ॲसिडचा गोंधळ

पीएचसाठी मोठ्या नळीत ४४ मिली पाणी, आर-०००४ चे पाच थेंब, आणि ७.० ते ८.० च्या पट्टीशी रंग जुळवणं. हा या किटचा सगळ्यात कच्चा भाग आहे. ७.४ आणि ७.६ यांच्यातला फरक ट्यूबलाइटखाली ओळखणं अवघड जातं. उजेडाकडे पाठ करून, मागे पांढरा कागद धरून बघा. दुसरं म्हणजे क्लोरिन १० च्या वर असेल तर हा लाल रंग जांभळ्याकडे झुकतो आणि पीएच ८ च्या पुढे गेल्यासारखा वाटतो. यातून टेलरचंही सुटलेलं नाही. फरक इतकाच की आधी क्लोरिनचा खरा आकडा हातात असतो, त्यामुळे पीएचवर आज विश्वास ठेवायचा की नाही हे तुम्हाला माहीत असतं. म्हणून क्रम कायम असाच ठेवा: आधी क्लोरिन, मग पीएच. क्लोरिन १० च्या वर असेल तर त्या दिवशी ॲसिडच्या कॅनला हात लावू नका.

मिठाच्या पूलमध्ये पीएच चढतो ही तक्रार सगळ्यांची असते. सेलमध्ये क्लोरिनबरोबर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात. ते पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर नेतात, आणि तो गेला की पीएच वर जातो. कव्हर हा वायू बऱ्यापैकी दाबून धरतं, म्हणून झाकलेल्या पूलचा पीएच सावकाश चढतो. मग शनिवार-रविवारी पाहुणे येतात, कव्हर उघडतं, धबधबा चालू होतो, मुलं उड्या मारतात, आणि सोमवारी पीएच ७.५ चा ७.९ झालेला असतो. यात बिघाड काही नाही. सोमवारी तपासा आणि तेवढंच ॲसिड घाला. उघड्या पूलच्या सवयीने दर दोन दिवसांनी ठरलेलं ॲसिड ओतत राहिलात तर अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) संपते, आणि मग पीएच एका मगभर ॲसिडनेही धाडकन खाली येतो.

किती घालायचं? अल्कलिनिटी ८० आणि पीएच ७.८ असेल तर ७.५ वर आणायला ५० हजार लिटरला ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड ३०० ते ४०० मिली लागतं. बादलीभर पाण्यात ॲसिड सोडा, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही, आणि पंप चालू ठेवून ते खोल बाजूला पसरवून ओता. त्यानंतर निदान अर्धा तास कव्हर उघडं ठेवा. कव्हर लगेच ओढलं तर ॲसिडची वाफ त्याच्याच पोटाला लागते. किटमधली आर-०००५ ची बाटली याच कामाची आहे. पीएचच्या नमुन्यात तिचे थेंब टाकत रंग हव्या छटेवर आणायचा आणि थेंबांवरून पुस्तिकेतल्या तक्त्यात ॲसिड शोधायचं. तक्ते अमेरिकी गॅलनमध्ये आहेत. ५० हजार लिटर म्हणजे सुमारे १३,२०० गॅलन. तेवढा आकडा पेटीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा.

अल्कलिनिटीची तपासणी मात्र उत्तम. २५ मिली पाणी, आर-०००७ चे दोन थेंब, आर-०००८ चे पाच, पाणी हिरवं होतं. मग आर-०००९ चे थेंब टाकत लाल होईपर्यंत मोजायचं. एक थेंब १० पीपीएम. रंग एकदम फिरतो, शंका राहत नाही. क्लोरिन जास्त असेल तर हिरव्या-लालऐवजी निळा-पिवळा दिसतो. अशा वेळी आर-०००७ चे थेंब वाढवा. मिठाच्या पूलला अल्कलिनिटी ६० ते ८० ठेवा. बऱ्याच पूलवाल्यांनी १०० ते १२० चा आकडा पाठ केलेला असतो, पण क्लोरिनेटर असलेल्या पाण्यात त्याने पीएच उगाच वर पळतो. १० पीपीएम वाढवायला ८४० ग्रॅम खाण्याचा सोडा, १० पीपीएम उतरवायला साधारण एक लिटर ॲसिड.

बोअरचं पाणी आणि सेलवरचा पांढरा थर

दख्खनच्या पठारावर बोअर किंवा टँकरने पूल भरला की कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातल्या कॅल्शियमचं माप) ३०० ते ५०० सहज निघतो. तपासायला २५ मिली पाण्यात आर-००१० चे २० थेंब, आर-००११ एल चे पाच, पाणी लाल. मग आर-००१२ टाकत निळं होईपर्यंत मोजा, थेंबाला १० पीपीएम. पाणी जांभळ्यावर अडकून राहिलं आणि निळं होईना, तर बहुधा त्यात तांबं आहे. शेवाळ मारायच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. तेव्हा नवा नमुना घ्या, आर-००१२ चे पाच-सहा थेंब सगळ्यात आधी टाका, मग बाकीचं, आणि ते आधीचे थेंबही मोजणीत धरा.

हा आकडा कळल्याशिवाय सेल वाचवता येत नाही. सेलच्या ज्या पत्र्यावर हायड्रोजन सुटतो तिथे पीएच बाकीच्या पूलपेक्षा खूप जास्त असतो, म्हणून चुना आधी तिथेच बसतो. ३० अंश तापमान, हार्डनेस ४५०, अल्कलिनिटी १०० आणि पीएच ७.८ असेल तर लँगेलिअर निर्देशांक (पाणी चुन्याचा थर धरेल की नाही याचं माप) +०.४ च्या आसपास येतो. म्हणजे थर धरणारच. हार्डनेस तोच ठेवून अल्कलिनिटी ७० आणि पीएच ७.५ केला की निर्देशांक शून्याजवळ येतो. पाणी बदलायची गरज नाही, टँकरचा खर्च नाही. बबल शीटखाली पाणी ३३-३४ अंशांवर गेलं तर थर धरायची घाई आणखी वाढते, तेव्हा पीएच ७.४ ला ठेवायलाही हरकत नाही. हिशेब करताना अल्कलिनिटीतून सायन्युरिक ॲसिडचा (पुढे येणाऱ्या स्टॅबिलायझरचा) तिसरा हिस्सा वजा करायला विसरू नका. वरच्या दोन्ही उदाहरणांत ३० पीपीएमसाठी १० वजा केलेले आहेत.

थर धरलाच तर चार भाग पाण्यात एक भाग ॲसिड मिसळून सेल दहा-पंधरा मिनिटं बुडवा. फेस थांबला की काढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर पत्र्यावरचा मौल्यवान लेप जातो आणि सेलचं आयुष्य तिथेच संपतं. दर महिन्याला ॲसिडवॉश करायचा करार देणारे असतात. त्यांना आधी हार्डनेस, अल्कलिनिटी आणि पीएचचे आकडे विचारा. पाणी नीट राखलं तर इतक्या वेळा ॲसिड लावायची वेळ येत नाही, आणि प्रत्येक ॲसिडवॉश लेप थोडा थोडा खातोच.

स्टॅबिलायझर: किटची अपुरी बाजू

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड. ते क्लोरिनला उन्हापासून वाचवतं. त्याच्याशिवाय कडक उन्हात बहुतेक क्लोरिन दोन तासांत उडतं. क्लोरिनेटर बनवणारे म्हणून ६० ते ८० पीपीएम ठेवायला सांगतात. ते उघड्या पूलसाठी बरोबर आहे. दिवसाचा बहुतेक वेळ झाकलेल्या पूलला ३० पुरे. जास्त स्टॅबिलायझर म्हणजे क्लोरिन जास्त बांधलेलं, त्यामुळे तेच काम करायला जास्त क्लोरिन ठेवावं लागतं. ३० पीपीएमला मुक्त क्लोरिन ३ ते ४ ठेवलं की पाणी निवळशंख राहतं. ८० झालं तर ५-६ ठेवावं लागेल, आणि कव्हरला तेही सोसावं लागेल.

अडचण अशी की या किटची नळी ३० पासूनच सुरू होते. बाटलीत ७ मिली पाणी, तेवढंच आर-००१३, अर्धा मिनिट हलवा, आणि ते गढूळ पाणी नळीत ओतत तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत भरा. ठिपका नळी भरली तरी दिसत असेल तर ३० पेक्षा कमी, एवढंच कळतं. २५ की ५ हे नाही. आपल्याला हवी असलेली पातळी नेमकी काठावर येते. ही तपासणी डोळ्यांवरही फार अवलंबून आहे: बाहेर जा, सूर्याकडे पाठ करा, नळी कमरेशी आपल्याच सावलीत धरा, आणि ठिपक्याकडे टक लावून न बघता एकदा नजर टाकून ठरवा. १० पीपीएम वाढवायला ५०० ग्रॅम लागतं. ते पायमोज्यात भरून परतीच्या पाण्यासमोर टांगा आणि आठवडाभर परत तपासू नका, कारण ते विरघळायला वेळ घेतं.

स्टॅबिलायझर वाढण्याचं आपल्याकडचं मुख्य कारण म्हणजे टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरच्या क्लोरिन गोळ्या. क्लोरिनेटर बंद पडला की चार-सहा आठवडे गोळ्यांवर काढले जातात. गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरिन मिळालं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येतंच, आणि ते ऊन, वारा किंवा क्लोरिन कशानेच जात नाही. पाणी काढूनच कमी होतं. कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर वापराल तर १० पीपीएम क्लोरिनमागे हार्डनेस ७ ने वाढतो. सेल दुरुस्तीला गेला असेल तर द्रव हायपोक्लोराइट सगळ्यात बरं: १० टक्क्यांचं ताजं असेल तर अर्ध्या लिटरमागे एक पीपीएम. मे महिन्यात दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेला कॅन मात्र घेऊ नका, त्यातलं निम्मं गेलेलं असू शकतं.

मीठ, आणि क्लोरिनेटरचा पडदा

मिठाची तपासणी सोपी आहे. १० मिली पाणी, आर-०६३० चा एक थेंब, पाणी पिवळं. मग आर-०७१८ चे थेंब, पिवळ्याचं विटकरी होईपर्यंत. थेंबाला २०० पीपीएम. विटकरी रंग हलवल्यावर न जाता टिकला पाहिजे. त्या बाटलीत सिल्व्हर नायट्रेट आहे, बोटाला लागलं तर काळा डाग कित्येक दिवस राहतो, म्हणून हातमोजे घाला.

पडद्यावर ‘मीठ कमी’ दिसलं की मिठाची गोणी फोडायची, ही सवय या किटने मोडते. क्लोरिनेटर मीठ थेट मोजत नाही. सेलमधून जाणाऱ्या विजेवरून आणि तापमानावरून तो अंदाज करतो. पत्र्यावर थर असेल, सेल जुना झाला असेल किंवा डिसेंबरात पाणी गार पडलं असेल, तर तो मीठ कमीच दाखवणार. मीठ वापरून संपत नाही. क्लोरिन वापरलं गेलं की त्याचं परत मीठच होतं. झाकलेल्या पूलमधून ते जातं फक्त बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणं), गळती आणि पावसाचं ओसंडणं यांतून. किट ३,२०० सांगतंय आणि पडदा २,५००, तर गोणी बाजूला ठेवा आणि सेल उघडून बघा.

पावसाळ्याचा हिशेब मात्र खरा आहे. स्लॅटच्या फटींतून पाणी आत जातं आणि पूल ओसंडतो. आपल्या मापाच्या पूलवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३,७५० लिटर; मीठ ३,२०० चं साधारण २,९७० होतं. लोणावळ्यात जुलैत असा दिवस नवलाचा नसतो. मिठाबरोबर अल्कलिनिटी, हार्डनेस आणि स्टॅबिलायझरही तेवढेच उतरतात, म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला चारही तपासा. मीठ १,००० पीपीएम वाढवायला १,००० लिटरला एक किलो, म्हणजे ४०० वरून ३,२०० वर न्यायला १४० किलो. शुद्ध, आयोडीन नसलेलं, गुठळी न होण्याची पावडर न मिसळलेलं मीठ घ्या. मिठागराचं खडेमीठ स्वस्त पडतं, पण सोबत माती, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम येतं, आणि ते सगळं सेलवर दिसतं.

शॉक देताना

बांधलेलं क्लोरिन ०.५ च्या वर असेल तर कव्हर पूर्ण उघडा. संध्याकाळी द्रव हायपोक्लोराइटने मुक्त क्लोरिन १२ पर्यंत न्या (स्टॅबिलायझर ३० असेल तर), पंप रात्रभर चालू ठेवा, क्लोरिनेटर बंद. सकाळी बांधलेलं परत मोजा. रात्रीत मुक्त क्लोरिन १ पेक्षा जास्त पडलं नसेल आणि बांधलेलं ०.५ च्या खाली आलं असेल तर काम झालं. क्लोरिन ५ च्या खाली येईपर्यंत कव्हर उघडंच ठेवा. वायू बाहेर पडू द्यायचा असतो. छपराखालचा बंदिस्त पूल असेल तर खिडक्या आणि एक्झॉस्टही चालू. एरवीही आठवड्यातून दोनदा तास-दोन तास कव्हर उघडलं की बांधलेलं क्लोरिन मुळात साचतच नाही.

ठेवायचं कुठे, संपतं काय

किट पंप रूममध्ये ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ही रसायनं २ ते २९ अंशांत ठेवायची असतात. आपल्या पंप रूममध्ये एप्रिलात ४० च्या पुढे जातं, शेजारी ॲसिडचा कॅन असतो आणि त्याची वाफ झाकणातून शिरते. घरात, कपाटात ठेवा. थेंब टाकताना बाटली अगदी उभी धरा, तिरकी धरली की थेंबाचं माप बदलतं. बाटलीच्या तोंडाशी स्थिर वीज साठली तरी थेंब बारीक पडतात आणि आकडा फुगतो. ओल्या फडक्याने तोंड पुसलं की ठीक होतं. तपासलेलं पाणी पूलमध्ये परत ओतू नका.

पाण्यात बुडवून रंग बघायच्या कागदी पट्ट्या या पूलला कामाच्या नाहीत. अल्कलिनिटी ६० आणि १०० मधला फरक त्यांवर धड दिसत नाही, आणि वर पाहिलं तसा सेल वाचवायचा की नाही हे त्याच फरकावर ठरतं. डिजिटल फोटोमीटर (रंग यंत्राने मोजणारे) पीएचला चांगले, डोळ्यांचा प्रश्न येत नाही. पण त्यांतली क्लोरिनची तपासणीही गुलाबी रंगाचीच, त्यामुळे फार चढलेल्या क्लोरिनला तेही फसू शकतात. पैशांची सोय असेल तर थेंबांचं किट आणि एक बरा पीएच मीटर ही जोडी सगळ्यात चांगली. मीटर महिन्यातून एकदा ७ आणि १० च्या द्रावणांनी जुळवून घ्यावा लागतो.

आठवड्यातून दोनदा क्लोरिन आणि पीएच, आठवड्याला एकदा अल्कलिनिटी, महिन्याला हार्डनेस, मीठ आणि स्टॅबिलायझर अशा वापरात आधी संपतात आर-०८७१ आणि पावडर. स्टॅबिलायझरच्या एका तपासणीला ७ मिली लागतं म्हणून आर-००१३ ही लवकर जातं. या तिन्ही सुट्या मिळतात, पूर्ण किट परत घ्यायची गरज नाही. पावडरीचे गठ्ठे झाले किंवा ती काळपट पडली तर फेकून द्या, आणि बाकीच्या बाटल्या निम्म्या उरल्या असल्या तरी वर्षाने बदला.